नव्या पुस्तकाबद्दल चार शब्द लिहायचेत?

‘वाचकाला अंतर्मुख करणारी, शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी, प्रत्येकाच्या संग्रही असायलाच हवी अशी कादंबरी. लेखकाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हा मजकूर कोणत्या पुस्तकाबद्दल आहे ते ओळखा. ओळखता येणार नाही, कारण तो कुठल्याही पुस्तकाला चालतो. पुस्तक न वाचताही लिहिता येतो आणि पुष्कळदा तसाच लिहिलेला असतो.

वर्तमानपत्रांतली परीक्षणांची जागा आकसत गेली, तशी पुस्तकांबद्दल आपणहून लिहिणारी-बोलणारी मंडळी वाढली. कुणी इन्स्टाग्रामवर लिहितं, कुणी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात, कुणी जिल्ह्याच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत. नवी मराठी कथा-कादंबरी आल्याची खबर आज बऱ्याच वाचकांना यांच्याकडूनच लागते. या वाटेला लागू पाहणाऱ्यांनी पहिलं वाक्य लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवावी: आपण कुणाच्या बाजूचे? लेखक ओळखीचा असतो, प्रकाशक पुस्तक पाठवतो, समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. वाचक मात्र कधी भेटत नाही. तरी तुमचं ऐकून तीन-चारशे रुपये आणि चार संध्याकाळी खर्च करणारा तोच असतो. त्याची बाजू धरली की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

नवं काय आलंय हे कळण्यासाठी पुरस्कारांच्या याद्यांवर विसंबू नका. त्या उशिरा येतात. साहित्य अकादमीचा नियमच असा आहे की आधीच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घ्यायची. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा पुरस्कार जाहीर झाला आणि मग सगळ्यांनी धावाधाव करून त्याबद्दल लिहिलं. कादंबरी तोवर चांगली मुरलेली होती. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी असलेला अकादमीचा युवा पुरस्कार त्या मानानं लवकर इशारा देतो. २०२१ साली प्रणव सखदेव यांची ‘काळे करडे स्ट्रोक्स’, २०२४ला देविदास सौदागर यांची ‘उसवण’, २०२५ला प्रदीप कोकरे यांची ‘खोल खोल दुष्काळ डोळे’, या कादंबऱ्या त्यामुळे एरवी पोचल्या नसत्या अशा हातांत पोचल्या. सौदागर तुळजापूरचे, पेशानं शिंपी. तयार कपड्यांच्या रेट्यात धंदा बसत चाललेल्या शिंप्याची गोष्ट त्यांनी लिहिली. पण ही पुस्तकं पुरस्काराआधी वाचून त्यांच्याबद्दल लिहिणारे थोडे होते. तुमची जागा त्या थोड्यांत आहे.

त्यासाठी दिवाळी अंक धरा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्या परंपरेत नव्या मराठी कथेची पहिली हजेरी अजूनही दिवाळी अंकातच लागते. आवडलेल्या कथेच्या लेखकाचं नाव आणि अंक एका वहीत टिपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी त्याचा संग्रह येतो, सुरुवातीच्या पानांत पूर्वप्रसिद्धीची नोंद असते आणि तुम्ही ती कथा आधीच वाचलेली असते. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही. गावोगावची वाचनालयं थोडी वर्गणी घेऊन अंक घरी देण्याची योजना चालवतात, तिचा फायदा घ्या.

दुसरा मार्ग दुकानाचा. पुण्यात अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईत दादरचं आयडियल इथे महिन्यातून एखादी चक्कर मारा आणि काउंटरवरच्या माणसाला नुसतं ‘नवीन काय?’ न विचारता ‘नव्या लेखकाचं काय आलंय?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला चरित्रं आणि शेअर बाजार हे उत्तर येतं. तिसरा मार्ग प्रकाशकांचा. मौज, पॉप्युलर, राजहंस ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण ‘रिंगाण’ शब्द पब्लिकेशननं काढली आणि ‘उसवण’ देशमुख आणि कंपनीनं. नव्या कादंबरीवर पैसे लावणाऱ्या अशा घरांच्या याद्या नियमानं पाहत राहा.

आता वाचन. पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना वाचू नका. मराठी प्रस्तावनाकाराला कथानक सांगून टाकायची फार हौस असते, शिवाय त्याचं मत तुमच्या डोक्यात घर करून बसतं. दोन्ही शेवटी वाचा. पेन्सिल जवळ ठेवा. शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठक्रमांक आणि पुढे एकच शब्द लिहा: ‘बाजार’, ‘आईचं बोलणं’, ‘कंटाळा’, ‘इथे फसलं’. परीक्षण लिहायला बसाल तेव्हा या नोंदींइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. त्यातही ‘कंटाळा’ ही नोंद प्रामाणिकपणे करा. पुस्तक मिटल्यावर सगळंच बरं वाटायला लागतं, आणि मधली साठ पानं रेटत नेली होती हे लिहिताना आठवत नाही. वाचून झाल्यावर दोन दिवस जाऊ द्या. पुस्तक अर्ध्यात सोडलं असेल तर लिहू नका, किंवा कितव्या पानावर आणि का सोडलं ते सांगून लिहा. तेही वाचकाच्या कामाचं असतं.

लिहिण्याकडे जरा सविस्तर वळू, कारण गाडी अडते ती तिथेच. ‘रिंगाण’बद्दल ‘ग्रामीण जीवनाचं विदारक वास्तव मांडणारी कादंबरी’ असं लिहिलंत तर वाचकाच्या हाती काय लागलं? विदारक वास्तव मांडणाऱ्या कादंबऱ्यांनी वाचनालयाचं एक कपाट भरेल. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘प्रकल्पापायी गाव उठलं. माणसं दुसरीकडे नेऊन बसवली, पण काही गुरं मागंच राहिली. त्यातली एक म्हैस आणायला देवाप्पा पुन्हा त्या मुलखात जातो. म्हैस सापडते, पण ती आता दावणीची राहिलेली नाही.’ चार वाक्यांत पुस्तकाचा ताण कळला आणि शेवट शाबूत राहिला. ‘विस्थापन’ हा जड शब्द काढावाही लागला नाही, म्हैस पुरली. यापुढचं वाक्य भाषेबद्दल हवं: बोली कोल्हापूर-पन्हाळ्याकडची आहे, दाट आहे, सवय नसलेल्या वाचकाला सुरुवातीची पानं जड जातील, तेवढा धीर धरा. शहरी वाचकाला हे आधी सांगितलं नाही तर तो पुस्तक पंधराव्या पानावर ठेवून देतो आणि दोष लेखकाच्या माथी मारतो. त्यानंतर तुमचं मत आणि त्यामागचं कारण. कारण म्हणून पुस्तकातली एखादी जागा दाखवा. ‘व्यक्तिरेखा जिवंत उतरल्या आहेत’ हे कारण होत नाही.

कथानक किती सांगावं? माझा ठोकताळा असा की पहिल्या पाचव्या हिश्शात जे घडतं ते सांगायला हरकत नाही. पण रहस्यकथा नसलेल्या पुस्तकातही फोडू नये असं काहीतरी असतं. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. एवढं सांगून टाकलं तरी बिघडत नाही. बहिणीचं निवेदन सुरू झाल्यावर आधीचं काय-काय उलटंपालटं होतं, ते मात्र वाचकाला त्याचं त्याला सापडू द्या.

काही शब्द सरळ हद्दपार करावेत: संग्राह्य, वाचनीय, ओघवती भाषा, दर्जेदार निर्मितिमूल्य. ‘मराठीतला मार्केस’ तर नकोच. मार्केसनं आपलं काय बिघडवलंय? पाचपैकी साडेतीन तारे देण्याची पद्धतही मला पटत नाही. लोक तारे मोजतात आणि मजकूर सोडून देतात. त्याऐवजी हे पुस्तक कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, ते एका वाक्यात लिहा. ‘तीनशे पानांत घटना फार घडत नाहीत, ज्यांना घटना हव्यात त्यांनी वाटेला जाऊ नये’ हे वाक्य तीन ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतं, आणि शांत कादंबरी आवडणाऱ्याला दुकानाकडे पळवतं.

पुस्तक आवडलं नाही तर? पहिलंच पुस्तक असेल आणि ते सगळंच फसलेलं असेल, तर गप्प बसण्यात गैर काही नाही. त्या पुस्तकाला तसेही वाचक कमीच मिळणार असतात. नावाजलेल्या लेखकाचं पुस्तक फसलं असेल तर मात्र गप्प बसणं म्हणजे कातडी बचावणं. लोक नावावर विश्वास ठेवून पैसे घालणार असतात, त्यांना सांगायलाच हवं. टीका पुस्तकावर करा. लेखकाचं वय, जात, नोकरी, राजकीय मतं यांचा पुस्तकाशी थेट संबंध नसेल तर त्यांना हात लावू नका. आणि ‘मुद्रणदोष खटकतात’ एवढ्यावर टीकेची हौस भागवू नका. तो मराठी परीक्षणातला सगळ्यात सुरक्षित आक्षेप आहे, त्यानं कुणालाच राग येत नाही.

थोडं नाव झालं की पुस्तकं घरी यायला लागतात. ‘अभिप्रायार्थ सस्नेह भेट’ अशी सही, सोबत पत्र आणि आठवड्यानं फोन: ‘वाचलंत का? चार शब्द लिहा ना.’ मासिकांनी यासाठी ‘साभार पोच’ हे सदर काढून ठेवलं होतं. नुसतं पुस्तकाचं नाव छापायचं, लेखकाचं समाधान करायचं आणि मोकळं व्हायचं. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून पुस्तक स्वीकारतानाच एक ठरावीक निरोप पाठवत जा. असा चालेल: ‘नमस्कार. पुस्तक मिळालं, आभारी आहे. प्रत्येक पुस्तकावर लिहिणं होत नाही. लिहिलं तर जे वाटलं ते लिहीन आणि प्रसिद्ध होण्याआधी मजकूर दाखवण्याची पद्धत ठेवलेली नाही. हे मान्य नसेल तर प्रत आनंदानं परत पाठवते.’ पहिल्यांदा पाठवताना हात अडखळतो. पण मराठी साहित्याचं जग इतकं लहान आहे की दोन ओळखींच्या पलीकडे कुणीच नसतं, आणि एकदा भिडेखातर लिहिलं की पुढच्याला नाही म्हणता येत नाही. या जगाची फिरकी घ्यायला जयवंत दळवींनी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ हे नाव घेतलं होतं. ते उगाच नव्हे.

फुकट प्रत मिळाली असेल तर मजकुरात तसं लिहा. हा सभ्यतेचा भाग आहेच, शिवाय नियमही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून लागू झाली. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट मिळालेला माल यांचा संबंध असेल तर तो ठळक सांगावा, असं त्यांत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानंही जानेवारी २०२३मध्ये याच धर्तीवर सूचना काढल्या. पैसे घेऊन लिहिलं तर ती जाहिरात. वर तसं छापा, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. पण ते परीक्षण म्हणून खपवू नका.

कायद्याचं आणखी एक. परीक्षणासाठी पुस्तकातला थोडा उतारा देण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे. आख्खी कथा वाचून तिचा व्हिडिओ टाकायची मुभा नाही, मग आवाज कितीही गोड असो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालू राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं झालं. पुलं २००० साली गेले, त्यांच्या लेखनाला अजून बराच अवकाश आहे. आणि गटात कुणी नव्या पुस्तकाची पीडीएफ फिरवली तर स्पष्ट शब्दांत थांबवा. हजारभर प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षं लागतात, तिथे पन्नास जणांना फुकट गेलेली प्रत लेखकाला चांगलीच लागते.

आता समारंभ. प्रकाशन समारंभाची पत्रिका ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’ म्हणते. सुरुवात साडेसहाला होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मुखपृष्ठकाराचा सत्कार, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणत केलेलं पाऊण तासाचं भाषण, आणि लेखकाच्या वाट्याला ‘वेळेअभावी’ दहा मिनिटं. तरीही जावं. कारण त्या दहा मिनिटांत पुस्तक कसं सुचलं, किती वेळा मोडून लिहिलं, कुणी नाकारलं हे कळतं आणि ते पुन्हा कुठे छापून येत नाही. पुस्तकातल्या उताऱ्याचं अभिवाचन असेल तर कान देऊन ऐका. लेखक स्वतः वाचताना कुठे थांबतो, कुठे हसतो, यावरून त्याचं गद्य उलगडतं.

व्यासपीठावर कोण होतं आणि कुणाच्या हस्ते काय झालं, हे वृत्तांतात लिहू नका. ते आयोजक लिहितात. तुम्ही एक प्रश्न, एक उत्तर, एक वादाचा मुद्दा उचला. प्रश्नोत्तरं असतील तर प्रश्न एकाच वाक्यात विचारा. आपल्याकडे ‘प्रश्न नाही, थोडं भाष्य करतो’ म्हणून उठणाऱ्यांची कमी नाही, त्यांत भर नको. भाषणातलं वाक्य जसंच्या तसं द्यायचं तर फोनवर ध्वनिमुद्रण करा. आठवणीतून दिलेलं वाक्य हमखास तुमच्या भाषेत येतं. चहाच्या टेबलावर लेखक जे बोलला ते मात्र विचारल्याशिवाय छापू नका. आणि निघताना पुस्तक विकत घ्या, सवलत असतेच. फुकट चहा पिऊन रिकाम्या हातानं निघणारे प्रकाशकाच्या बरोबर लक्षात राहतात.

वर्षाचा अंदाज असा बांधता येतो. दिवाळीला अंक. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव, २०२३पासून. हिवाळ्यातच अखिल भारतीय साहित्य संमेलन: २०२४ला ते अमळनेरला झालं, २०२५ला दिल्लीत. अमळनेरला त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही होतं. अशी जोडी जुळली तर दोन्हीकडे जा. एकीकडे न ऐकलेली नावं दुसरीकडे ऐकू येतात. मुंबईत पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ग्रंथोत्सव होतात, त्यांची खबर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते आणि शहरातली मंडळी तिकडे फिरकत नसल्यामुळे स्थानिक लेखकांशी निवांत बोलता येतं. पाचगणीजवळचं भिलार मे २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. नव्याचा शोध तिथे लागणार नाही, पण जुन्या संग्रहांची ओळख करून घ्यायला दोन दिवस बरे जातात.

संमेलनात ग्रंथप्रदर्शनाला पहिल्या दिवशी सकाळी जा. दुपारनंतर गर्दीत पुस्तक उघडून पाहणंही होत नाही. गर्दीत फोनची रेंज जाते आणि यूपीआय अडकतं, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा. आधी लहान प्रकाशकांचे गाळे करा, मोठ्यांची पुस्तकं वर्षभर कुठेही मिळतात. लहान गाळ्यावर अनेकदा प्रकाशक स्वतः बसलेला असतो. कुठलं पुस्तक चाललं नाही आणि त्याला स्वतःला ते का आवडतं, हे विचारा. उत्तम पुस्तकं या एका प्रश्नावर हाती लागतात.

मजकुरात पुस्तकाचं ई-बुक किंवा श्राव्य आवृत्ती आहे का, तेही लिहा. बडोदा, इंदूर किंवा न्यू जर्सीच्या मराठी वाचकाला दादरचं दुकान जवळ नसतं, आणि तुमचं लिखाण त्याच्यापर्यंत पुस्तकाआधी पोचतं.

शेवटी पुस्तकाचा तपशील. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, किंमत आणि मुखपृष्ठकार. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या बरोबरीनं. पुष्कळ जण मुखपृष्ठाचा सुरेख फोटो टाकतात आणि प्रकाशकाचं नाव गाळतात. मराठी पुस्तकांच्या बऱ्याच दुकानांत पुस्तकं प्रकाशकानुसार लावलेली असतात आणि एकाच नावाच्या दोन कादंबऱ्या असणं नवीन नाही. प्रकाशकाचं नाव सांगता आलं नाही तर काउंटरवरचा माणूस ‘संपलंय’ म्हणून मोकळा होतो.